कटऑफ असूनही आरसी गाडीची लायपो बॅटरी मर्यादेखाली का जाते : कारणांचा शोध आणि उपाय

एक दशांश मापाची आरसी (रेडिओ कंट्रोल) गाडी, तिच्यात दोन किंवा तीन सेलचा लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक, ईएससीमध्ये, म्हणजे मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात, लो-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज ठरावीक मर्यादेला आले की मोटार थांबवणारी सोय) चालू केलेला. असे सगळे ठीकठाक असूनही काही आठवड्यांनी चार्जर पॅक स्वीकारत नाही आणि व्होल्टेज फार कमी असल्याची सूचना देऊन थांबतो. पॅक थोडा फुगलेला असतो, किंवा त्यातला एखादा सेल दोन व्होल्टच्या खाली गेलेला असतो. नवा पॅक आणला जातो आणि काही महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो. दोष सहसा पॅक बनवणाऱ्या कंपनीच्या माथी मारला जातो. परंतु पॅक बदलूनही तीच तक्रार परत येत असेल, तर कारण पॅकच्या बाहेर शोधले पाहिजे. माझ्या मते या तक्रारीचे मूळ कटऑफवर टाकलेल्या अवाजवी विश्वासात आहे. कटऑफ पाहतो ते संपूर्ण पॅकचे, मोटार भार ओढत असतानाचे व्होल्टेज. बॅटरी मात्र सेलगणिक बिघडते, आणि पुष्कळदा गाडी थांबल्यानंतर बिघडते. त्यामुळे कटऑफ आपले काम चोख करत असतानाही पॅक मर्यादेखाली जाऊ शकतो.

पुढील आकडे साध्या लायपो सेलसाठी आहेत. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, त्याचे नाममात्र व्होल्टेज ३.७ असते आणि साठवून ठेवण्यासाठी ३.८ ते ३.८५ व्होल्ट योग्य मानले जाते. भार काढून थोडा वेळ विसावलेला सेल ३.७ च्या आसपास आला, तर त्यातील सुमारे चार पंचमांश किंवा त्याहून जास्त ऊर्जा वापरून झाली आहे असे समजावे. ३.० व्होल्ट हा तळ आहे. तिथपर्यंत जाण्याचे ठिकाण तो नव्हे. व्होल्टेज उतरण्याची चाल सर्वत्र सारखी नसते. ४.० पासून ३.७ पर्यंत ते सावकाश उतरते आणि ३.५ च्या खाली, पठार संपून एकाएकी कडा लागावा, तसे कोसळते. ३.४ पासून ३.० पर्यंतच्या टप्प्यात पॅकच्या क्षमतेचा अगदी थोडा भाग शिल्लक असतो, म्हणून तिथे गाडी चालवून मिळणारी दोन-तीन मिनिटे आणि त्यासाठी पत्करलेला धोका यांचा कोणताच मेळ बसत नाही.

हा धोका नेमका कशाचा, हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण त्यावरच पुढे पॅक वाचवायचा की टाकायचा हा निर्णय अवलंबून आहे. सेलचा ऋण इलेक्ट्रोड म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्यावर दिलेला ग्रॅफाइटचा लेप. सेल प्रमाणाबाहेर उतरला की या बाजूचे विभव वाढू लागते, ग्रॅफाइटवर पहिल्या चार्जच्या वेळी तयार झालेला संरक्षक थर विघटित होतो आणि त्यातून वायू सुटतो. पॅक फुगण्याचे हे एक कारण आहे. सेल आणखी खाली, दोन व्होल्टच्याही बराच खाली गेला, तर तो तांब्याचा पत्राच इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतो. असा सेल पुन्हा चार्ज केला की विरघळलेले तांबे भलत्याच जागी जमते आणि दोन इलेक्ट्रोडमधील पातळ पडदा ओलांडून आतल्या आत शॉर्ट सर्किट करू शकते. म्हणजे नुकसान उतरताना होते, पण आगीचा धोका पुढच्या चार्जिंगला उभा राहतो. प्रमाणाबाहेर उतरलेला पॅक चार्जरला लावून दुसऱ्या खोलीत जाणे म्हणूनच अत्यंत घातक आहे.

पॅक केव्हा उतरला, हे आधी ठरवा

सेटिंग बदलण्यापूर्वी पॅक केव्हा उतरतो हे निश्चित केले पाहिजे. तीन शक्यता आहेत: गाडी चालताना, गाडी थांबल्यावर पण पॅक जोडलेला असताना, किंवा कपाटात नुसता पडून असताना. यासाठी बॅलन्स लीडला (प्रत्येक सेलपासून निघणाऱ्या बारीक तारांच्या कनेक्टरला) लावायचा साधा सेल चेकर, म्हणजे सेलचे व्होल्टेज दाखवणारे छोटे उपकरण, पुरतो आणि प्रत्येक सेलचे व्होल्टेज तीन वेळा लिहून ठेवावे लागते. पहिली नोंद गाडी थांबवून पॅक सोडवल्याबरोबर, दुसरी अर्ध्या तासाने, आणि तिसरी दुसऱ्या दिवशी. गाडी थांबताच खाली दिसणारे व्होल्टेज अर्ध्या तासात काही अंशी सावरते, म्हणून सेलची खरी स्थिती दुसरी नोंद सांगते.

दुसऱ्या नोंदीतच सगळे सेल ३.५ च्या खाली असतील, तर गाडी चालतानाच पॅक जास्त ओढला जातो आहे आणि दोष कटऑफच्या सेटिंगमध्ये किंवा चालवण्याच्या पद्धतीत आहे. एकच सेल खाली आणि बाकीचे ठीक असतील, तर पॅकमधला समतोल बिघडला आहे. दुसरी नोंद उत्तम, पॅक गाडीतून काढून ठेवलेला, आणि तरीही दुसऱ्या दिवशी एखादा सेल बाकीच्यांना सोडून स्पष्टपणे खाली आला असेल, तर तो सेल आतून गळतो आहे. अशा पॅकवर आणखी वेळ घालवू नये. आणि गाडीतून काढलेला पॅक स्थिर राहतो, पण गाडीत ठेवलेला पॅक खाली जातो, असे दिसले, तर ऊर्जा गाडीतली उपकरणे खात आहेत.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एक सेल अवाजवी कमी आणि त्याच्या शेजारचा अवाजवी जास्त, उदाहरणार्थ एक २.९ आणि दुसरा ४.५, पण दोघांची बेरीज अपेक्षेइतकीच, असे वाचन आले, तर सेलपेक्षा बॅलन्स लीडची मधली तार तुटली असण्याची किंवा पिन सैल झाल्याची शक्यता जास्त असते. मल्टिमीटरने थेट पिनांवर मोजून खात्री करावी. मोजताना दोन प्रोब एकमेकांना टेकू देऊ नयेत, कारण त्या बारीक पिनांमधूनही तार जळण्याइतका प्रवाह क्षणात वाहू शकतो.

चालताना उतरणारा पॅक

सर्वात आधी कटऑफ खरोखर लायपोसाठी लावलेला आहे का, हे पाहावे. पुष्कळ ईएससींमध्ये बॅटरीचा प्रकार निवडावा लागतो, आणि निकेल मेटल हायड्राइडचा पर्याय निवडलेला असेल तर कटऑफ एकतर बंद असतो किंवा लायपोच्या दृष्टीने फारच खाली असतो. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० या प्रचलित ईएससीत ही निवड एका छोट्या प्लास्टिकच्या जंपरने होते. ट्रॅक्ससच्या एक्सएल-५ मध्ये दिवा हिरवा असेल तर संरक्षण चालू आणि लाल असेल तर बंद असते. नवी गाडी निकेलच्या पॅकसह आली असेल आणि नंतर लायपो बसवला असेल, तर ही निवड बदलायची राहून जाणे अगदी सहज घडते. पडताळणी सोपी आहे, आणि ती नव्या गाडीच्या पहिल्याच दिवशी करावी.

सेटिंग बरोबर असेल तर सेलची संख्या तपासावी. अनेक ईएससी पॅक जोडताक्षणी त्याचे एकूण व्होल्टेज पाहून सेल किती आहेत याचा अंदाज बांधतात. चार सेलचा पॅक वापरून प्रत्येक सेल ३.१५ व्होल्टपर्यंत आलेला असताना काढला आणि पुन्हा जोडला, तर एकूण १२.६ व्होल्ट होतात, आणि तीन सेलचा पूर्ण भरलेला पॅकही नेमके तेवढेच दाखवतो. ईएससीने तो तीन सेलचा धरला, तर ३.२ च्या हिशेबाने कटऑफ ९.६ व्होल्टवर बसतो, म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक सेल २.४ व्होल्टवर जाईपर्यंत गाडी चालतच राहते. सेलसंख्या हाताने निश्चित करण्याची सोय ईएससीत असेल तर ती वापरावी. नसेल तर अर्धवट वापरलेला पॅक काढून पुन्हा जोडणे पूर्ण टाळावे.

यानंतर असमतोलाचा प्रश्न येतो. तीन सेलच्या पॅकसाठी ९.६ व्होल्टचा कटऑफ लावला आहे असे समजू. दोन सेल ३.४५ व्होल्टवर आणि एक सेल २.७ वर असला, तरी बेरीज ९.६ च येते. कटऑफ त्या क्षणापर्यंत गप्प राहतो आणि थांबतो तेव्हा एक सेल मर्यादेच्या पुष्कळ खाली गेलेला असतो. कमजोर सेल दरवेळी बाकीच्यांपेक्षा आधी रिकामा होतो, दरवेळी थोडा अधिक कमजोर होतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर रिकामा होतो. प्रत्येक चार्ज बॅलन्स पद्धतीनेच, म्हणजे चार्जर सगळे सेल एकाच व्होल्टेजवर आणतो त्या पद्धतीने, करणे हा यावरचा पहिला उपाय आहे. छोट्या चार्जरचा समतोल साधण्याचा प्रवाह फार कमी असतो, त्यामुळे शेवटची काही मिनिटे कंटाळवाणी वाटली तरी चार्जरने स्वतः काम संपवेपर्यंत पॅक काढू नये. चार्जर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध दाखवत असेल तर तो महिन्याकाठी लिहून ठेवावा. एका सेलचा रोध इतरांच्या दुप्पट झाला असेल, तर तो पॅक भारी कामातून काढून घेणे शहाणपणाचे आहे, कारण ईएससीचे कोणतेही सेटिंग त्या एका सेलचे रक्षण करू शकत नाही.

एका कारणाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कटऑफचा एकच आकडा वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळा अर्थ घेऊन येतो. सेलचा अंतर्गत रोध ५ मिलीओहम धरला आणि वेगवान गाडीने ६० ॲम्पिअर ओढले, तर प्रत्येक सेलचे व्होल्टेज तात्पुरते ०.३ व्होल्टने दबते. अशा गाडीत ३.२ वर कटऑफ लागला, की थ्रॉटल (वेग वाढवणारा ट्रिगर) सोडल्यावर सेल ३.५ च्या आसपास सावरतो. तोच पॅक आणि तोच आकडा दगडांवरून सावकाश चढणाऱ्या क्रॉलरमध्ये ठेवला, तर तिथे मोटार जेमतेम ३ ॲम्पिअर घेते, दबणारे व्होल्टेज ०.०१५ इतके नगण्य असते, आणि ३.२ म्हणजे खरोखरचे ३.२ असतात. म्हणून ज्यांच्या वेगवान गाड्यांचे पॅक वर्षानुवर्षे टिकतात, त्यांच्याच क्रॉलरचे पॅक तेच सेटिंग ठेवून फुगताना दिसतात. क्रॉलर, मंद चालणारे मालवाहू ट्रक आणि पाण्यावरच्या संथ बोटी यांच्यासाठी कटऑफ ३.४ किंवा ३.५ वर न्यावा. ईएससीत इतका वरचा पर्याय नसेल, तर बझरवर (सेलचे व्होल्टेज कमी झाले की वाजणाऱ्या छोट्या उपकरणावर) आणि घड्याळावर भिस्त ठेवावी.

कटऑफ लागल्यावर काय केले जाते, हेही पाहिले पाहिजे. मोटार थांबते, दोन मिनिटांत व्होल्टेज सावरते, गाडी पुन्हा हलते, आणि आणखी एक फेरी मारली जाते. हा मोह मुलांना तर हमखास होतो. अशा प्रत्येक फेरीत पॅक आधीपेक्षा खाली जातो, आणि ती खोली कटऑफला कळत नाही, कारण तो फक्त त्या क्षणाचे व्होल्टेज पाहतो. कटऑफ हा शेवटचा अडसर मानावा आणि रोजच्या वापरात तो लागूच नये अशी व्यवस्था करावी.

ही व्यवस्था चार्जरच्या नोंदीवरून करता येते. पूर्ण भरलेल्या पॅकवर नेहमीच्या पद्धतीने पाच मिनिटे गाडी चालवावी आणि मग पॅक पुन्हा भरताना चार्जरने किती एमएएच (मिलीॲम्पिअर-तास) टाकले ते पाहावे. १५०० एमएएच गेले असतील, तर गाडी मिनिटाला ३०० एमएएच घेते. ५००० एमएएचच्या पॅकमधून ८० टक्के म्हणजे ४००० वापरायचे ठरवले, तर हिशेब तेरा मिनिटांचा होतो. ट्रान्समीटरच्या (हातातल्या रिमोटच्या) टायमरमध्ये बारा मिनिटे लावावीत. गवतावर, चिखलात किंवा चढावर गाडी जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे मैदान बदलले की हिशेब नव्याने करावा. पॅक जुना होत जातो तशी त्याची खरी क्षमता छापील आकड्याच्या खाली येते, तेव्हा टायमरही कमी करत जावा.

बझर बॅलन्स लीडला लावला की तो प्रत्येक सेल स्वतंत्रपणे पाहतो, म्हणून कटऑफला न दिसणारी असमतोलाची अडचण त्याला दिसते. वेगवान गाडीसाठी ३.३ ते ३.४ आणि मंद गाडीसाठी ३.५ ते ३.६ अशी त्याची मर्यादा मी योग्य समजतो. थ्रॉटल एकदम दाबल्यावर क्षणभर वाजून थांबणारा बझर अजून वेळ आहे असे सांगतो, तर थ्रॉटल सोडल्यावरही वाजत राहणारा बझर गाडी लगेच परत आणायला सांगतो. बोट लांब गेली की बझर ऐकू येत नाही. तिथे सेलचे व्होल्टेज ट्रान्समीटरवर पाठवणारी टेलिमेट्री घेतलेली बरी.

विमाने आणि मल्टिरोटर (अनेक पंख्यांचे ड्रोन) यांबाबत एक फरक लक्षात ठेवावा. मल्टिरोटरमध्ये ईएससीने स्वतःहून मोटार बंद केली तर यान कोसळते, म्हणून तिथे ईएससीचा कटऑफ बंदच ठेवतात आणि बॅटरी वाचवण्याची सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. बीटाफ्लाइट या ड्रोन नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेलमागे ३.५ व्होल्टला इशारा आणि ३.३ ला अंतिम मर्यादा असे मूळ सेटिंग असते. मात्र ते केवळ इशारा देते, यान खाली उतरवत नाही.

थांबल्यावर आणि कपाटात उतरणारा पॅक

ईएससीवरील छोटे बटण पॅकची तार तोडते असा अनेकांचा समज आहे. बहुतेक ईएससींमध्ये ते बटण फक्त आतल्या नियंत्रण भागाला चालू-बंद करते आणि पॅकची जाड तार जोडलेलीच राहते. बटण चालू राहिले आणि रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग), सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटार) व ईएससी मिळून ५० मिलीॲम्पिअर घेत असतील असे धरले, तर पॅकमध्ये उरलेले १००० एमएएच वीस तासांत संपतात. कटऑफ लागेपर्यंत गाडी चालवलेली असेल, तर उरलेला भाग एका रात्रीतच संपतो. बटण बंद असतानाही दोन मिलीॲम्पिअर जात असतील, तर तेच १००० एमएएच तीन आठवड्यांत जातात. बहुतांश ईएससींचा कटऑफ फक्त मोटार थांबवतो. रिसीव्हरला जाणारा पुरवठा चालूच राहतो. म्हणून गाडी हातात घेतली की आधी पॅकचा कनेक्टर ओढून काढावा, बटण नंतर. बझर आणि सेल चेकरही काढून ठेवावेत, कारण यातले अनेक स्वतःची वीज पॅकच्या पहिल्या काही सेलमधूनच घेतात आणि दिवसभर लावून ठेवले की त्या सेलना बाकीच्यांपेक्षा खाली नेतात.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने गाड्या बंद असतात, आणि जूनमध्ये शेवटच्या फेरीनंतर तसाच ठेवलेला पॅक दसऱ्याला काढला की तो मेलेला सापडतो. चांगला लायपो सेल महिन्याला फार थोडा उतरतो. पण तो ३.४ व्होल्टवर ठेवला असेल, तर त्या थोड्यासाठीही खाली जागा उरलेली नसते. पूर्ण भरून ठेवणेही हितकारक नाही, कारण ४.२ व्होल्टवर महिनोन्महिने राहिलेला सेल जलद म्हातारा होतो. चार्जरचा साठवणीचा पर्याय वापरून प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ वर आणावा, पॅक कोरड्या आणि थंड जागी धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवावा, आणि महिन्यातून एकदा मोजून पाहावा.

मर्यादेखाली गेलेला पॅक

पॅक खाली गेल्याचे लक्षात आल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात: तो किती खाली गेला आणि तिथे किती वेळ राहिला. सेल २.५ ते ३.० च्या दरम्यान असतील, काही तासांपूर्वीच उतरले असतील आणि पॅक अजिबात फुगलेला नसेल, तर लायपोच्याच पर्यायात क्षमतेच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतक्या प्रवाहाने, म्हणजे ५००० एमएएचसाठी पाव ते अर्धा ॲम्पिअर, तो मोकळ्या जागी फरशीवर ठेवून सतत समोर बसून ३.० च्या वर आणावा आणि मगच नेहमीचा बॅलन्स चार्ज करावा. नंतर पॅक एक दिवस तसाच ठेवून सेल मोजावेत. त्यातला एकही सेल इतरांपासून मागे पडला, तर पॅक बाद समजावा. सेल दोन व्होल्टच्या खाली गेला असेल, किंवा २.५ च्या खाली कित्येक दिवस पडून असेल, किंवा पॅक फुगला असेल, तर किंमत कितीही असली तरी तो पुन्हा भरू नये.

चार्जर नकार देतो म्हणून निकेलचा पर्याय निवडून व्होल्टेज वर ढकलण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती वापरू नये. त्या पर्यायात चार्जर ४.२ व्होल्टला थांबत नाही, सेल वेगळे पाहत नाही, आणि आतून तांबे विरघळलेला सेल बरोबर याच वेळी शॉर्ट होऊ शकतो. चार्जरने दिलेला नकार हे संरक्षण आहे.

बाद ठरवलेला पण न फुगलेला पॅक उघड्या जागेवर गाडीच्या इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या बल्बला जोडून पूर्ण रिकामा करता येतो. मिठाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत भरवशाची नाही, कारण बाहेरची टोके आधी गंजून संपर्क तुटतो आणि आत चार्ज शिल्लक राहू शकतो. फुगलेला पॅक रिकामा करण्याच्या भानगडीत न पडता वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवावा. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरगुती कचऱ्यात मिसळायची नसते, आणि घंटागाडीत टाकलेला लायपो पॅक कचरा दाबताना चिरडून पेट घेऊ शकतो. तारा कापायच्या असतील तर एका वेळी एकच कापून तिच्या टोकाला लगेच इन्सुलेशन टेप गुंडाळावी, कनेक्टर आणि बॅलन्स लीडही टेपने झाकावी, पॅकवर तो बिघडलेला असल्याचे ठळकपणे लिहावे आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात तो हाती द्यावा.